पोरगं एकटं पडलंय आणि खालच्या कुत्र्याशी बोलतंय? मग हे करा

आधी आमचं सांगते, म्हणजे पुढचं का लिहिलंय ते कळेल. आम्ही कराडहून चिंचवडला आलो तेव्हा पोरगं तिसरीत होतं. तिकडे चुलत भावंडं, अंगण, संध्याकाळी जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा. इथे चौथा मजला आणि खाली पार्किंग. पहिल्याच आठवड्यात खाली गेला आणि "मला बी घ्या की" म्हणाला, तर पोरांनी ते "बी घ्या की" महिनाभर पुरवून पुरवून वापरलं. मग याने खाली जाणंच बंद केलं, विचारलं की पोट दुखतंय. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की डब्यातली चपाती रोज संपतेय पण पोरगं काही अंगाला लागत नाहीये. चपाती जात होती गेटजवळच्या काळ्या कुत्र्याला.

मी काय केलं, तर आरडाओरडा. हात धुतलेस का, चावलं म्हणजे, परत दिसलास तर बघ. हे करू नका. कारण त्याने चपाती देणं थांबवलं नाहीच, फक्त मला सांगणं थांबवलं, आणि लहान पोर आणि भटकं कुत्रं यांच्यात सगळ्यात धोक्याची गोष्ट कुठली असेल तर ही चोरून केलेली दोस्ती. तुम्हाला माहीत असलेली दोस्ती सांभाळता येते.

तर पहिले चार-पाच दिवस काहीच करायचं नाही, नुसतं कुत्र्याची चौकशी करायची, अगदी स्थळाची करतात तशी. वॉचमनला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा, भाजीची गाडी लावणाऱ्या मावशींना विचारा. किती वर्षं आहे, कोणाच्या अंगावर गेलंय का, गाड्यांमागे धावतं का, खायला कोण घालतं. एका कानाचं टोक कापलेलं किंवा खाच पाडलेली दिसली तर नसबंदी झालेली आहे, ती खूण त्यासाठीच करतात. पण त्यावरून यंदाची रेबीजची लस झालीय असं समजू नका, ती वेगळी विचारा. अंगावर लूत असेल, केस झडून खाजवत असेल, कानात गोचिडांचे घोस असतील तर आधी उपचार मग दोस्ती, काही प्रकारची खरूज माणसालाही लागते.

आणि पिल्लंवाली कुत्री असेल तर विषय तिथेच संपला, कितीही गरीब असली तरी. भाद्रपदात कुत्र्यांचा काय धिंगाणा असतो ते सगळ्यांना माहितीये, त्यानंतर साधारण ६३ दिवस मोजा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं. नेमकं तेव्हाच पोरांना ती गोंडस पिल्लं उचलायची असतात, आणि नेमकी तेव्हाच एरवी शेपूट हलवणारी आई अंगावर येते. पोराला स्पष्ट सांगा, पिल्लं लांबून बघायची.

आमचा काळ्या नर होता, कान कापलेला, वय पाच-सहा. आणि गंमत म्हणजे त्याला आधीच तीन नावं होती. वॉचमनकाका काळ्या म्हणायचे, इस्त्रीवाला शेरू आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ब्रूनो. तो तिन्ही नावांना यायचा, का नाही येणार, प्रत्येक नावामागे वेगळा नाश्ता होता. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतात.

आता लस. कुत्र्याची अँटी-रेबीज लस दरवर्षी, पिल्लू असेल तर पहिली तीन महिन्यांचं झाल्यावर. जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे किंवा तुमच्या भागात कुत्र्यांचं काम करणाऱ्या संस्थेकडे विचारा, काही जण जागेवर येऊन देतात. आम्ही आणि त्या काकूंनी अर्धे अर्धे पैसे काढले. जंताचं औषधही तेव्हाच. आणि पोरासाठी, चावण्याच्या आधी घ्यायचीही लस असते हे मला माहीतच नव्हतं, तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. ती घेतलेली असली तरी चावल्यावर डोस घ्यावेच लागतात पण कमी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की संशयित जनावर चावलेल्यांमध्ये ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कोणी वाचत नाही. घाबरवायला नाही सांगत, पण हा भाग "बघू नंतर" मधला नाही.

मग भेट घालून द्या. हे आम्ही आधी घरात शिकवलं, मी कुत्रा झाले होते, हसू नका. कुत्र्याकडे सरळ चालत जायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघत तर नाहीच. थोडं लांब, तिरकं उभं राहायचं किंवा पायरीवर बसायचं आणि त्याला येऊ द्यायचं. नाही आला तर नाही आला, उद्या. आला तर हुंगू द्यायचं, हात पुढे खुपसायचा नाही, बाजूला सैल सोडायचा. मग छातीवर किंवा खांद्यावर हात फिरवायचा, डोक्यावरून नाही, वरून येणारा हात कुत्र्याला मारायला येतोय असा वाटतो, आणि गल्लीतल्या कुत्र्याने तसले हात पुष्कळ बघितलेले असतात. तीन आकडे मोजायचे आणि हात काढायचा. त्याने परत अंग टेकवलं तर अजून तीन. उठून गेला तर झालं, मागे जायचं नाही. मिठी, पप्पी, पाठीवर बसणं, शेपूट ओढणं, झोपलेल्याला किंवा खाणाऱ्याला हात लावणं बंद म्हणजे बंद.

शेपूट हलतंय म्हणजे खूश, हे अर्धवट ज्ञान आहे. सैल अंगाने सगळं ढुंगण हलवत येणारा खूश. शेपूट वर ताठ आणि नुसतं टोक थरथरतंय, अंग कडक, तर तो खूश नाहीये. उगाच जांभया, जीभ सारखी नाकावरून फिरवणं, तोंड वळवून डोळ्याचा पांढरा कोपरा दाखवणं, हे सगळं "पुरे आता" आहे. आणि भुंकणारं कुत्रं चावत नाही ही म्हण पोराच्या डोक्यातून आधी काढा, चावतं.

अंगावर आलंच तर झाड व्हायचं. पाय रोवून, हात अंगाशी, नजर जमिनीवर, गप्प. पळालं की कुत्रं मागे लागणारच. पडलाच तर मुटकुळं करून मान आणि कान झाकायचे. आम्ही हे हॉलमध्ये खेळासारखं केलं, मी मध्येच ओरडायचे "झाड!" आणि तो जिथे असेल तिथे थिजायचा, एकदा हातात आमटीची वाटी घेऊन.

खाण्याचं बोलू. आमच्या सासूबाईंनी त्याला नामदेवांची गोष्ट सांगितली, कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले ती, आणि दुसऱ्या दिवशी तुपाची बरणी अर्धी. तर तूप नको, आणि मागे धावणं तर अजिबातच नको. साधा भात, मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, दहीभात चालतो. गोड बिस्किटं आपण सगळेच टाकतो पण ती रोज बरी नाहीत. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण हे कुत्र्याला विषारी आहे, म्हणजे आपली उरलेली भाजी-आमटीही बाद. शिजवलेल्या चिकनची हाडं टोकदार फुटतात आणि आत टोचतात. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. हाताने भरवायचं नाही, पसरट भांड्यात ठेवून मागे व्हायचं. आणि एकाच कुत्र्याला चार कुत्र्यांसमोर घालायचं नाही, भांडणात पोरगं मध्ये सापडतं. पाण्याचं भांडं सिमेंटचं किंवा मातीचं घ्या, स्टीलचं उन्हात तापतं, शिवाय चोरीला जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी चूक करून शिकले. आपल्या पोराला आधीच, काही झालेलं नसताना, शांतपणे सांगून ठेवा: दात लागला, नख लागलं, जखमेवर चाटलं, काहीही झालं तरी मला त्याच मिनिटाला सांगायचं, आणि सांगितलंस म्हणून कुत्र्याला कोणी नेणार नाही. हे दुसरं वाक्य विसरू नका. आमच्याकडे बिस्किट देताना काळ्याचा दात बोटावर घासला. मी आधी एवढा आरडाओरडा केलेला, त्यामुळे पोराने एक दिवस लपवलं. दुसऱ्या दिवशी आंघोळीला साबण चुरचुरला तेव्हा मला दिसलं, आणि रडत पहिलं काय म्हणाला तर "त्याला गाडीत घालून नेऊ नका".

असं झालं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. १५ मिनिटं किती मोठी असतात ते मोरीत उभं राहिल्यावर कळतं. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही लावायचं नाही. मग लगेच दवाखाना, उशीर झाला असला तरीही जायचं. आमचा नुसता ओरखडा होता, रक्त नाही, तर दंडाच्या कातडीत लस दिली, पहिला दिवस, मग ३, ७ आणि २८. दंडात खोल देतात तेव्हा वेळापत्रक वेगळं असतं, डॉक्टर सांगतील ते पाळा, एकही तारीख चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन, लागतं, ते आवर्जून विचारा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. पोटात १४ इंजेक्शनं ही भीती अजून आजी-आजोबा घालतात, ती जुनी लस आपल्याकडे २००४ च्या शेवटी बंद झाली. आणि कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं, खातंय का, वागणं बदललंय का, आणि ते डॉक्टरांना सांगायचं. पण लस सुरू करायला ते १० दिवस थांबायचं नाही.

सोसायटीचं काय करायचं? भांडू नका, आधी जागा ठरवून घ्या. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खायला घालायची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून लांब हवी, आणि वेळ पोरं-म्हातारी माणसं कमी असतील तेव्हाची. सुप्रीम कोर्टानेही २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की नसबंदी-लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची, रेबीजची किंवा आक्रमक असतील ती सोडून, पण रस्त्यात कुठेही खायला घालायचं नाही, ठरलेल्या जागीच. त्याच नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. म्हणून पोराला शाळेच्या गेटवर डबा रिकामा करू देऊ नका, त्याने कुत्र्याचंच नुकसान होतं. आणि ज्यांना कुत्र्याची खरंच भीती वाटते त्यांना वेड्यात काढू नका, आमच्या शेजारच्या आजोबांना लहानपणी चावलेलं, आम्ही काळ्याची वेळ त्यांच्या फिरण्याची वेळ सोडून ठेवली.

मग पुढे दोस्ती होते कशी, तर कुत्र्याशी आधीच झालेली असते, प्रश्न माणसांचा असतो. इथे घाई नको. पोराला "जा, त्यांच्यात खेळ" म्हणू नका, त्याला कुत्र्याचं काम द्या. आमच्याकडे त्याच्याकडे पाण्याचं भांडं घासून भरायचं काम होतं आणि लसीच्या तारखांची वही. त्यामुळे वॉचमनकाकांशी बोलणं आलं, मग इस्त्रीवाल्याशी, मग काकूंशी. त्याचे पहिले दोस्त सगळे पन्नाशीचे होते, चालतंय. पायरीवर बसून त्याने काळ्याला इंग्रजीचा धडा वाचून दाखवायला सुरुवात केली, वर्गात तोंड उघडत नव्हता तो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत १९९९ पासून मुलांना शिकवलेल्या कुत्र्यांपुढे वाचायला बसवतात म्हणे खास, अडखळलं तरी कुत्रं हसत नाही. आमचं फुकटात झालं. मी तेव्हा लांब उभी, फोनमध्ये बघतेय असं दाखवत, पण नजर तिकडेच. दहा वर्षांखालच्या पोराला कुत्र्याजवळ एकटं सोडू नका, कुत्रं कितीही ओळखीचं असो.

आणि एक दिवस बी विंगमधली एक मुलगी येऊन म्हणाली, ए त्याचं नाव काळ्या नाहीये, ब्रूनो आहे. हा म्हणाला, न्हाई, काळ्याच हाय. ती हसली नाही, तिला नावाचं पडलेलं. दोघं भांडत वॉचमनकाकांकडे निकाल मागायला गेले. त्या दिवशी मी वर जाऊन एकटीच चहा प्यायले.

एक राहिलंच. कुत्रं कायम राहील असं वचन देऊ नका आणि भावनेच्या भरात घरीही आणू नका, पाच-सहा वर्षं गल्लीत राजासारखं राहिलेलं कुत्रं फ्लॅटमध्ये खूश राहीलच असं नाही. गाडीखाली येतात, आजारी पडतात, दिवाळीच्या फटाक्यांत पळून जातात. त्या दिवसांत संध्याकाळी जिन्याखाली पोतं टाकून द्या आणि पोराला हे सगळं खरं खरं सांगून ठेवा.

आमचा काळ्या अजून आहे. थोडा जाड झालाय, पोराचं लक्ष कमी झालंय त्याच्यावर, कधी कधी भांडं मलाच भरावं लागतं. संध्याकाळी पार्किंगमध्ये क्रिकेट चालू असतं आणि हा बरोब्बर पीचवर आडवा. त्याला उठवायचं नाही असं ठरलंय, बॉल त्याला लागला तर डेड बॉल, आणि बॅटिंगवाल्याने सॉरी म्हणायचं, काळ्याला म्हणा नाहीतर ब्रूनोला.