पायथन फ्रेमवर्कला टेम्प्लेट इंजिन जोडताना या चुका टाळा

इंदुरातल्या आपल्या मराठी पोरांना फ्लास्कसारखं छोटं वेब फ्रेमवर्क स्वतः लिहून बघायची भारी हौस. राउटिंग (कुठल्या पत्त्याला कुठलं फंक्शन उत्तर देणार ते ठरवणं) जमतं, मग जिंजा हे टेम्प्लेट इंजिन (साच्यात माहिती भरून पान तयार करणारं) जोडायला घेतात आणि गाडी अडते. दोष बहुतेक वेळा जिंजाचा नसतो, जोडकामाचा असतो.

सगळ्यात महागात पडते ती एस्केपिंगची, म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुरातले टॅग निष्प्रभ करण्यातली चूक. फ्लास्कमध्ये एचटीएमएल टेम्प्लेटना ऑटोएस्केप आपोआप लागू होतं, म्हणून तो जिंजाचाच गुण वाटतो. पण ते काम फ्लास्क करतं. जिंजाचं एन्व्हायर्नमेंट (टेम्प्लेट आणि त्यांची सेटिंग सांभाळणारा ऑब्जेक्ट) नुसतं बनवलं, तर ऑटोएस्केप बंद! मग अभिप्रायात कुणी स्क्रिप्ट टॅग टाकला, की तो पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालणार. एन्व्हायर्नमेंट बनवतानाच सिलेक्ट-ऑटोएस्केप द्या. नंतर पानावर कच्चे टॅग दिसले म्हणून दिसेल तिथे एस्केपिंग टाळणारा सेफ फिल्टर मात्र चिकटवू नका.

दुसरी चूक इंग्रजी पानावर कळतच नाही. सराफ्यातल्या खाऊगल्लीचं मेन्यू-पान मराठीत केलं आणि ते खालून कापलं गेलं, तर आधी कंटेंट-लेंग्थ, म्हणजे उत्तराची लांबी सांगणारा हेडर बघा. ‘भुट्ट्याचा कीस’ची लांबी पायथन 14 सांगतो, पण यूटीएफ-8 मध्ये त्याचे 40 बाइट होतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. हेडरमध्ये 14 लिहिलंत तर ब्राउझर 14 बाइटवर थांबणार. आधी एन्कोड करा, मग मोजा. तसंही डब्ल्यूएसजीआयला (सर्व्हर आणि पायथन ॲप यांच्यातल्या ठरलेल्या इंटरफेसला) बाइट्सच लागतात.

‘टेम्प्लेट नॉट फाउंड’ फक्त सर्व्हरवर येत असेल, तर फोल्डरचा पत्ता सापेक्ष दिलेला असणार. प्रोग्राम कुठल्या फोल्डरातून सुरू केला त्यावर तो बदलतो. पत्ता फाइलच्या जागेवरून काढा. एन्व्हायर्नमेंट दर रिक्वेस्टला नवं बनवू नका, कॅशे वाया जातो.

चालू रिक्वेस्ट किंवा लॉगिन केलेला माणूस एन्व्हायर्नमेंटच्या ग्लोबल्समध्ये ठेवणं तर घातकच. ते सगळ्या थ्रेड्सना सामाईक असतं, त्यामुळे एकाचं नाव दुसऱ्याच्या पानावर झळकू शकतं. अशा गोष्टी रेंडर करतानाच्या कॉन्टेक्स्टमधून (त्या पानापुरत्या दिलेल्या माहितीतून) पाठवा.

व्हेरिएबलचं नाव चुकलं तर जिंजा मुकाट्याने रिकामी जागा छापतो. डेव्हलपमेंटमध्ये स्ट्रिक्ट-अनडिफाइन्ड लावा, लगेच एरर येईल.

आणि फ्रेमवर्कच्या गाभ्यात जिंजा थेट इम्पोर्ट करू नका. टेम्प्लेटचं नाव आणि कॉन्टेक्स्ट घेऊन स्ट्रिंग देणारा एवढासा अडॅप्टर पुरे. उद्या कुणाला माको हे दुसरं टेम्प्लेट इंजिन हवं असेल, तर तेवढाच बदलायचा. जँगो या फ्रेमवर्कनेही 1.8 पासून इंजिन असंच सेटिंगमधून निवडायची सोय केली.