रंग नवा, भिंत जुनी: इटलीतल्या डोंगरगावात फ्लॅट घेताना या चुका टाळा

फोटोत सगळं असतं. चेस्टनटच्या तुळया, खाली भाजक्या विटांची लादी, मुद्दाम उघडा ठेवलेला दगडी भिंतीचा एक तुकडा आणि खिडकीतून उतरत जाणारी ऑलिव्हची झाडं. खाली एकच शब्द: 'रिस्त्रुत्तुरातो', म्हणजे नूतनीकरण केलेला. हा शब्द वाचला की माणूस बेसावध होतो. पडकं घर घेणारा निदान कुणी जाणकार सोबत नेतो. तयार फ्लॅट घेणारा टेप घेऊन येतो आणि सोफा कुठे बसेल ते मोजतो.

उंब्रिया, मार्के, तोस्काना किंवा उत्तर लात्सिओतल्या कुठल्याही डोंगरगावात चुका त्याच त्याच होतात. पैसे सगळ्यात जास्त बुडवणाऱ्या चुका आधी घेऊ.

प्रोपोस्ता म्हणजे बुकिंगचा फॉर्म समजणं

व्यवहाराचे टप्पे तीन. 'प्रोपोस्ता' म्हणजे लेखी देकार, 'कोम्प्रोमेस्सो' म्हणजे आपलं साठेखत, आणि 'रोजितो' म्हणजे नोतायोसमोर, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदा-अधिकाऱ्यासमोर, होणारं खरेदीखत. एजंट पहिल्याच भेटीत छापील प्रोपोस्ता पुढे सरकवतो आणि 'अजून एक गिऱ्हाईक उद्या येतंय' असं सांगतो. ते उद्याचं गिऱ्हाईक प्रत्येक गावात असतं.

विकणाऱ्याने सही केली आणि ती मान्यता तुमच्यापर्यंत पोचली की त्या कागदाचा करार होतो. एजंटचं कमिशनही तिथेच देय होतं. ते साधारण 3 टक्के असतं, वर 22 टक्के व्हॅट. म्हणजे 1,50,000 युरोच्या घरावर 5,490 युरो. सोबत दिलेल्या चेकला कागदावर काय म्हटलंय तेही बघा. 'काप्पारा कोन्फिर्मातोरिया' लिहिलं असेल तर तुम्ही फिरलात की बयाणा गेला, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यायचा. नुसतं 'अक्कोन्तो' लिहिलं असेल तर तो निव्वळ आगाऊ हप्ता, त्यात दुप्पट वगैरे काही नाही.

उपाय साधा आहे, पण घाईतल्या माणसाला तो अपमान वाटतो: दोन अटी लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही. एक, बांधकामाची कागदपत्रं नियमात असल्याचा तुमच्या तंत्रज्ञाचा लेखी अहवाल आला तरच करार लागू. दोन, कर्ज घेणार असाल तर ते मंजूर झालं तरच. एजंट म्हणेल की अशी पद्धत नाही. पद्धत आहे. या अटींना 'कोन्दित्सिओने सोस्पेन्सिवा' म्हणतात आणि नोतायोला त्यात नवल वाटत नाही.

भारतीय पासपोर्टवर घेणाऱ्यांनी त्याआधी आणखी एक गोष्ट करायची. इटलीत नोकरी, व्यवसाय, कुटुंब किंवा शिक्षणासाठीचा वैध निवास परवाना असेल तर अडचण येत नाही. तो नसेल तर 'तुमच्या देशात आमच्या नागरिकाला घर घेता येतं का' हा परस्परतेचा नियम आडवा येतो. नोतायोला हे प्रोपोस्तानंतर विचारणारेही आहेत, आणि मग बयाण्यावरून रडारड होते. घर घेतल्याने निवासाचा हक्क मिळत नाही, हेही आधीच कळलेलं बरं.

कातास्तोचा नकाशा जुळला की घर कायदेशीर, असं मानणं

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून सविस्तर.

कातास्तो हे करआकारणीचं दप्तर आहे. सात-बारावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. इटलीत गेल्यावर मात्र शिक्का आणि सुबक नकाशा बघून तेच शहाणपण विसरलं जातं. 2010 पासून खरेदीखतात 'प्रत्यक्ष घर कातास्तोच्या नकाशाशी जुळतं' असं जाहीर करावं लागतं. त्यामुळे विकणारे विक्रीआधी नकाशा ताजा करून घेतात. तो ताजा करायला एक तंत्रज्ञ आणि एक ऑनलाइन अर्ज पुरतो. आतलं बांधकाम परवानगीने झालं होतं का, हा प्रश्न कातास्तो विचारतच नाही. त्याचं उत्तर कोमुनेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बांधकाम विभागातल्या फायलीत असतं.

ठराविक प्रकरण असं उलगडतं. 72 चौरस मीटरचा फ्लॅट, जाहिरातीत दोन बेडरूम. दुसरी बेडरूम म्हणजे उंच छताखाली टाकलेला लाकडी माळा, 'सोप्पाल्को'. दुसरं बाथरूम पूर्वीच्या तळघरात. कातास्तोचा नकाशा गेल्याच वर्षीचा आणि तंतोतंत जुळणारा. साठेखत होतं, 20,000 युरो काप्पारा जातो. मग बँकेचा मूल्यमापक येतो आणि कोमुनेतली फाइल मागवतो. फाइलीतल्या शेवटच्या मंजूर नकाशात माळा नाही, तळघर हे तळघरच आहे, आणि स्वयंपाकघरातली खिडकी अर्ध्या मीटरने दुसरीकडे. आता बांधकाम नियमित करण्याचा अर्ज, दंड, आणि गाव संरक्षित असेल तर सोप्रिन्तेन्देन्त्साचं, म्हणजे तिथल्या पुरातत्त्व-वारसा खात्याचं मत. खरेदीखताची तारीख निघून जाते. माळा नियमात बसला नाही तर तो काढायचा, आणि दोन बेडरूमच्या भावात एका बेडरूमचं घर पदरात पडतं.

'पण नोतायो तपासतो ना?' नोतायो मालकी, बोजे आणि कागद तपासतो. तो घर बघायला येत नाही. विकणाऱ्याने परवान्याचा क्रमांक दिला आणि तो खरा निघाला तर खरेदीखत वैधच ठरतं, घर त्या परवान्यापेक्षा वेगळं असलं तरी. पाडायचा आदेश पुढे आला तर तो तुमच्या दारात येतो. 'हे 1967 च्या आधीचं घर आहे, परवाना लागत नाही' हेही उत्तर मिळेल. 1 सप्टेंबर 1967 ही तारीख मूळ इमारतीपुरती आहे. 2015 साली टाकलेल्या माळ्याला चौदाव्या शतकाचं संरक्षण मिळत नाही. 2024 च्या 'साल्वा कासा' कायद्याचं नावही हमखास पुढे येतं. त्यातली सूट मापातल्या फरकाला आहे: 60 चौरस मीटरच्या आतल्या घराला 6 टक्के, 60 ते 100 ला 5 टक्के, तीही 24 मे 2024 पर्यंत झालेल्या कामांना. नवीन खोली त्या टक्क्यांत मावत नाही.

म्हणून स्वतःचा जेओमेत्रा नेमा. हा मोजणी आणि बांधकाम-कागद जाणणारा परवानाधारक तंत्रज्ञ. एजंटने सुचवलेला नको, शेजारच्या गावातला बघा. त्याला 'आच्चेस्सो आल्यी आत्ती'चा अर्ज करून कोमुनेतली पूर्ण फाइल काढायला सांगा. कायद्याने मुदत 30 दिवसांची, छोट्या कोमुनेत आठवड्यातून दोन सकाळीच खिडकी उघडत असेल तर जास्तही लागतात. तेवढी वाट बघायची तयारी नसेल तर हॉटेल बुक करा, घर नको.

त्याच अहवालात इमारतीवर वारसा म्हणून थेट बंधन आहे का तेही लिहून घ्या. असेल तर खरेदीखत झाल्यावर ते खात्याला कळवावं लागतं आणि राज्याला 60 दिवस प्रथम खरेदीचा हक्क असतो. त्या काळात विकणाऱ्याला ताबा देता येत नाही. सामानाचा ट्रक आधीच ठरवणारे इथे अडकतात.

नव्या भिंतीमागची ओल न बघणं

डोंगरगावातली इमारत पुढून तीन मजली आणि मागून तळघर असते. रस्त्याच्या बाजूने तुम्ही दुसऱ्या मजल्यावर उभे असता, तेव्हा बेडरूमची मागची भिंत मातीला टेकलेली असू शकते. ही भिंत 60 ते 80 सेंटिमीटर जाड, दोन बाजूंना दगड, मध्ये चुना आणि खडीची भर. ती पाणी ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. शेकडो वर्षं तिचं असंच चाललेलं असतं.

मग नूतनीकरणवाला येतो आणि सिमेंटचा गिलावा मारतो. पाण्याची वाट बंद होते, म्हणून ते आणखी वर चढतं आणि गिलावा संपतो तिथे लोणा फुटतो. त्याहून स्वस्त युक्ती म्हणजे भिंतीपुढे पत्र्याच्या चौकटीवर जिप्सम बोर्ड. समोरून पांढरीशुभ्र, मागे काळी बुरशी. दोन हिवाळे तग धरते, विक्री व्हायला तेवढे पुरतात. सिमेंट मारणाऱ्यावर राग धरू नये, त्याला बिचाऱ्याला शिकवलंच तसं असतं. बोर्ड लावणाऱ्याला मात्र नेमकं माहीत असतं.

कसं पकडायचं? मे महिन्यातल्या दुपारी घर बघू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर जा, आणि आदल्या रात्रीपासून खिडक्या बंद ठेवायला सांगा. आत शिरताच नाकावर विश्वास ठेवा. मातीकडच्या भिंतीवर बोटाने टकटक करा. भरीव दगडी भिंत मुकी असते, बोर्ड पोकळ बोलतो. त्याच भिंतीतल्या एखाद्या सॉकेटची पट्टी, मेन स्विच बंद करून, जेओमेत्राला उघडायला सांगा आणि टॉर्च आत मारा. स्क्रू गंजलेले, पेटीत ओलावा, वास, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या भेटीत कपाटामागे 10 बाय 10 सेंटिमीटरची खिडकी कापायची परवानगी मागा. नकार आला तर उत्तर मिळालं. आर्द्रता मोजणारं साधं मीटर खिशात ठेवा. हीटिंग चालू असताना 65-70 टक्क्यांवर आकडा असेल तर प्रश्न विचारायची वेळ झाली. कोपऱ्यात डिह्युमिडिफायर दिसला तर त्याच्या टाकीत किती पाणी आहे ते बघा.

सापडलीच ओल तर 'गिलावा काढून नवा करून देतो' ही तडजोड घेऊ नका. क्रम असा: आधी बाहेरचं पाणी वळवणं, शक्य असेल तिथे लादीखाली हवेशीर पोकळी, मग सिमेंट खरवडून नैसर्गिक हायड्रॉलिक चुन्याचा गिलावा. आणि मध्ये थांबणं. ढोबळ हिशेब म्हणजे अडीच सेंटिमीटर जाडीला एक महिना, 60 सेंटिमीटरच्या भिंतीला दोन वर्षं. हे ऐकून सुरुवातीलाच पळून जाणारे शहाणेच म्हणायचे. विकणाऱ्यावर दावा लावू म्हणाल, तर लपलेला दोष सापडल्यापासून 8 दिवसांत कळवावा लागतो आणि ताबा मिळाल्यापासून वर्षभरातच दावा करता येतो. जिप्सम बोर्ड नेमका त्या वर्षात गप्प बसतो. गंभीर दोषांसाठी ठेकेदाराची जबाबदारी 10 वर्षांची असू शकते, म्हणून कामाची बिलं आणि ठेकेदाराचं नाव साठेखताच्या आधी मागून घ्या.

बाकीच्या

छप्पर कुणाचं ते न विचारणं. आठपर्यंत मालक असतील तर इमारतीला प्रशासक नेमण्याची सक्ती नाही, त्यामुळे हिशेबही नसतो. जिथे प्रशासक आहे तिथे थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. चालू आणि मागच्या वर्षाची थकबाकी तुमच्याकडूनही वसूल होते.

क्षेत्रफळ. जाहिरातीतल्या 90 चौरस मीटरमध्ये भिंती धरलेल्या असतात. बिल्ट-अप आणि कार्पेटचा खेळ इथे जाड दगडी भिंतींनी खेळला जातो. पायाखाली 65 निघाले तरी दचकू नका, फक्त भाव त्यावर करा.

वारस. तीन चुलत भाऊ, त्यातला एक अर्जेंटिनात. सगळ्यांच्या सह्या किंवा मुखत्यारपत्रं जमल्याशिवाय एक युरो नाही.

कर चुकीच्या रकमेवर भरणं. खाजगी माणसाकडून 'दुसरं घर', म्हणजे कायमच्या वास्तव्याचं नसलेलं, घेताना 9 टक्के नोंदणी कर लागतो, पण खरेदीखतात 'प्रेत्सो-वालोरे' मागितलं तर तो कातास्तोच्या मूल्यावर बसतो. रेन्दिता, म्हणजे कातास्तोने घराला ठरवलेलं वार्षिक उत्पन्न, 400 युरो असेल तर 400 गुणिले 126, म्हणजे 50,400, कर 4,536. न मागितल्यास 1,50,000 वर 13,500. मागायचं नोतायोला, खरेदीखताच्या आधी. नंतर नाही.

भूकंप. नोर्च्या, आमात्रिचे, लाक्विला ही नावं 2016 आणि 2009 ची आहेत, इतिहासातली नाहीत. बाहेरच्या भिंतीवर लोखंडी सळयांच्या टोकांच्या पट्ट्या दिसतात का बघा. ते वैगुण्य नसतं, इमारत बांधून धरलेली असते. आतून तुळयांवर जड सिमेंटचा स्लॅब ओतला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.

साठेखताची नोंद 30 दिवसांत करायची, आणि रक्कम मोठी असेल तर नोतायोकडून त्याची 'त्रास्क्रित्सिओने', म्हणजे मालमत्तेच्या सार्वजनिक दप्तरात नोंद, करून घ्या. त्यानंतर विकणाऱ्यावर आलेला बोजा तुमच्यापुढे टिकत नाही. खरेदीखताची रक्कम नोंदणी होईपर्यंत नोतायोच्या स्वतंत्र खात्यात ठेवायला सांगण्याचा हक्क 2017 पासून आहे. फार थोडे लोक वापरतात.

भारतातून पैसे पाठवत असाल तर माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि 10 लाख रुपयांवरच्या रकमेला 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) धरून तारखा ठरवा. टीसीएस रिटर्नमध्ये वळता होतो, पण खरेदीखताच्या दिवशी तो तुमच्या हातात नसतो. मुखत्यारपत्र करणार असाल तर अपोस्तिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि भाषांतराला वेळ ठेवा.

आणि मीटर. जुन्या घरात विजेचा करार बहुतेक 3 किलोवॅटचा असतो. इंडक्शन, ओव्हन आणि पाणी तापवायचा गीझर एकदम लावलात की अंधार. मंजूर भार वाढवून मिळतो, पण आधी आतली वायरिंग त्या भाराची आहे असं इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र विकणाऱ्याकडून घ्या. किल्लीबरोबर मागितलं तर मिळतं, महिन्याने फोन केला तर तो उचलत नाही.