लूपमध्ये काय टाकायचं: जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र वाजवू पाहणाऱ्यांसाठी

जॅझची तयारी असलेले वादक इलेक्ट्रॉनिक्सकडे वळतात, तेव्हा पहिली चूक दुकानातच होते. सहा पेडल (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेट्या) घरी येतात आणि सहाही एकदम चालू राहतात. पहिलं वर्षभर एक माइक, एक डिले (सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा), एक लूपर (वाजवलेला तुकडा फिरता ठेवून त्यावर थर चढवू देणारा; तो फिरता तुकडा म्हणजे लूप) आणि एक रिव्हर्ब (आवाजाला सभागृहासारखी घुमणी देणारा) पुरे. पुढचं सगळं ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला धरून लिहिलं आहे.

आधी कान. जॉन हॅसेल हे अमेरिकी ट्रम्पेटवादक सत्तरच्या दशकात पंडित प्राणनाथांकडे किराणा गायकी शिकले आणि गळ्यातली मींड ट्रम्पेटवर आणायच्या मागे लागले. 1980 मध्ये ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकेत हार्मोनायझरमुळे त्यांच्या एका सुराबरोबर समांतर सूर चालतात. ट्रम्पेट वाजतोय हे पटकन कळतही नाही. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर कान तयार झालेल्या मराठी श्रोत्याला ही वाट परकी वाटू नये. त्यानंतर नॉर्वेचे ट्रम्पेटवादक निल्स पेटर मोल्वेर आणि आर्वे हेन्रिक्सन ऐका. हेन्रिक्सन ज्या सुपरसायलेंट गटात वाजवतात, तो गट तालीम करत नाही आणि काय वाजवायचं हे आधी ठरवतही नाही.

आता जोडणी. क्रम असा ठेवा: माइक, प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा), कॉम्प्रेसर (लहानमोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारा), सूर बदलणारं पेडल असल्यास ते, मग डिले, लूपर आणि शेवटी रिव्हर्ब. सूर बदलणाऱ्या पेडलला एकेक स्वच्छ सूर लागतो. डिलेचं मिश्रण आत गेलं की ते चाचपडतं, म्हणून ते डिलेच्या आधी. रिव्हर्ब लूपरच्या आधी लावला तर तो थरात कायमचा चिकटतो, नंतर कमी करता येत नाही. माइक सरळ गिटारच्या पेडलला जोडू नका. माइकचा सिग्नल त्यासाठी फार क्षीण असतो, आणि कंडेन्सर माइकला लागणारे 48 व्होल्ट पेडल देत नाही. प्रीअँपमधून निघालेला लाइन सिग्नल मात्र बऱ्याच पेडलना जास्त होतो, तेव्हा मध्ये तो पेडलला झेपेल इतका उतरवणारा रीअँप बॉक्स घाला. सगळी पेडल एकाच अडॅप्टरच्या फांद्यांवर चालवली की डिजिटल पेडलची किणकिण ऐकू येते. प्रत्येकाला वेगळा, आयसोलेटेड पुरवठा द्या.

लॅपटॉप असेल तर 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर (लॅपटॉप आवाज ज्या छोट्या तुकड्यांत हाताळतो तो तुकडा) म्हणजे 2.7 मिलिसेकंद. प्रत्यक्षात आत येऊन बाहेर पडेपर्यंतचा उशीर याच्या काही पट होतो. तो 10 मिलिसेकंदांच्या वर गेला की वादक नकळत रेंगाळायला लागतो, आणि दोष स्वतःच्या लयीला देतो.

गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) सगळ्यात जोरकस सुरावर बेता, शिखर −12 डेसिबलला. फुंकरीचा मऊ आवाज हवा असेल तर गेन वाढवू नका, माइकपासून दोन-तीन सेंटिमीटरवर या. या शैलीत ही फुंकर फार लागते आणि मंचावर स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी बसते ती इथेच: वाढलेला गेन, समोरचा मॉनिटर स्पीकर आणि भरीला लूप. एकदा शिट्टी लूपमध्ये शिरली की लूप पुसण्याशिवाय इलाज नाही. मॉनिटरऐवजी कानातले हेडफोन वापरा आणि 100 हर्ट्झच्या खालचं कापा.

लूपचा फीडबॅक, म्हणजे दर फेरीला जुना थर किती उरतो ते प्रमाण, 100 टक्क्यांवर ठेवू नका, थर साचून गाळ होतो. 80 टक्क्यांवर थर तीन फेऱ्यांत निम्मा होतो, दहा फेऱ्यांत जेमतेम दहावा हिस्सा उरतो. लूप 12 सेकंदांचा असेल तर दोन मिनिटांत जुनं आपोआप विरतं आणि नव्याला जागा होते. दोन लूपर असतील तर लांबी 7 आणि 11 सेकंद अशी घ्या. दोघांची सुरुवात पुन्हा जुळायला 77 सेकंद लागतात. लूपच्या सांध्यावर ‘टक्’ येतं, कारण चालू सुरातच पेडल दाबलं जातं. फेरी संपताना थेट ओव्हरडबमध्ये (चालू लूपवर नवा थर चढवण्यात) जा, म्हणजे सुराचं शेपूट सांध्यावरून पलीकडे वाहतं.

पहिल्या थरात गंधार घालू नका. षड्ज आणि पंचम, तंबोऱ्यासारखे. जॅझवाल्याचा हात सवयीने पूर्ण कॉर्डकडे जातो आणि मग पुढची दहा मिनिटं तो त्याच कॉर्डला खुंटीसारखा बांधलेला राहतो. गंधार वरून वाजवा. तो कोमल की शुद्ध, हे क्षणोक्षणी बदलता आलं पाहिजे.

रोजचा रियाज: पाच मिनिटं कोरडं (इफेक्टशिवाय), मग फक्त तीन सुरांत आणि एकाच इफेक्टवर पंधरा मिनिटं, सगळं ध्वनिमुद्रित करून. दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर सगळंच बरं वाटतं.

दुसऱ्यांबरोबर वाजवताना लूप हा गटातला एक बहिरा वादक समजा. ड्रमवाल्याने लय सोडली तरी लूप ती सोडणार नाही, म्हणून तालबद्ध लूप टाळा. नॉर्वेत क्रिस्तियानसांद इथे 2005 पासून भरणाऱ्या पुंक्त महोत्सवात याचं दुसरं टोक दिसतं: मैफल संपताच तिचेच ध्वनितुकडे घेऊन दुसरे कलाकार तिची ताजी पुनर्रचना करतात.

शिकायला बाहेर जायचं असेल तर नॉर्वेतल्याच त्रोन्दहाइमचा जॅझ अभ्यासक्रम 1979 पासून चालू आहे. कानाने शिकण्यावर तिथे भर असतो. मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी नॉर्वेतल्या सरकारी विद्यापीठांत 2023 पासून शुल्क लागू झालं आहे, म्हणून जुन्या ‘मोफत शिक्षणा’च्या सल्ल्यांवर विसंबू नका. अर्जाआधी भाषेची अटही पाहा. दोन विनासंपादित ध्वनिमुद्रणं तयार ठेवा, त्यातलं एक पेडलशिवाय, नुसत्या वाद्याचं.