लिस्बन ते बर्लिन: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

लिस्बन–बर्लिन अंतर शोधलं की दोन आकडे सापडतात: एक २,३०० किमीचा, दुसरा पावणेतीन हजारांच्या आसपासचा. दोन्ही बरोबर आहेत. पहिला हवाई अंतराचा, दुसरा रस्त्याचा. विमानाच्या हिशेबात रस्त्याचा आकडा निरुपयोगी.

अक्षांश-रेखांश शहराचे नाही, विमानतळाचे घ्या. लिस्बन ३८.७७ उत्तर, ९.१३ पश्चिम. बर्लिन ५२.३७ उत्तर, १३.५० पूर्व. बर्लिनसाठी जुन्या तक्त्यांत टेगलचा विमानतळ असतो. तो नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाला. स्वस्त विमानांच्या बाबतीत तर नावावर जाऊच नका. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून शंभर किमीहून लांब आहे.

आता स्प्रेडशीट उघडा. सगळे अंश आधी रेडियनमध्ये बदला. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार त्यात मिळवा. बेरजेचा व्यस्त कोसाइन (स्प्रेडशीटमधलं ACOS) काढून त्याला ६,३७१ ने, म्हणजे पृथ्वीच्या किमीमधल्या त्रिज्येने, गुणा. उत्तर २,३०० किमीच्या किंचित वर येतं. १,५५० च्या आसपास आलं, तर लिस्बनच्या रेखांशाला ऋण चिन्ह द्यायचं राहिलंय: पश्चिम रेखांश उणे धरायचे असतात. उत्तर भलतंच आलं, तर रेडियन तपासा.

वेळेसाठी जेट विमानाचा वेग ताशी ८३० किमी धरा. २,३०० भागिले ८३० म्हणजे पावणेतीन तास. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि वळसे यांची ३० ते ४० मिनिटं मिळवा. झाले साधारण ३ तास २० मिनिटं. पॅरिस–लंडनसारख्या छोट्या मार्गावर (साडेतीनशे किमी) मात्र हा हिशेब डळमळतो, कारण तिथे बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो.

मग वारा. युरोपवर उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. ताशी ८० किमीचा वारा पाठीशी असेल तर हेच अंतर सुमारे २ तास ३२ मिनिटांत कापलं जातं, समोरून असेल तर ३ तास ४ मिनिटं लागतात. म्हणून परतीचा प्रवास वेळापत्रकातही लांब दिसतो.

वेळापत्रक वाचताना खरी फसगत घड्याळाची होते. तिथल्या वेळा स्थानिक असतात आणि लिस्बन बर्लिनच्या एक तास मागे. समजा, लिस्बनहून १०:०० ला निघून १४:२० ला बर्लिन: वाटतात ४ तास २०, लागतात ३ तास २०. उलट बर्लिनहून १०:०० ला निघून १२:४० ला लिस्बन: दिसतात २ तास ४०, लागतात ३ तास ४०. उन्हाळी वेळ दोन्हीकडे एकाच क्षणी बदलते, त्यामुळे हा फरक वर्षभर एक तासाचाच.

कधी सरळ रेषाच बंद असते. हेलसिंकी–इस्तंबूलची सरळ रेषा बेलारूस आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. तिथे सूत्राच्या आकड्यावर वळशाची भर हवीच.

हवाई अंतराचा आणखी एक उपयोग पैशाचा. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार उशिराची भरपाई याच अंतरावर ठरते: १,५०० किमीपर्यंत २५० युरो, आणि संघाच्या आतल्या त्याहून लांब प्रवासाला ४००. एकाच बुकिंगवर पॅरिसमार्गे गेलात तरी मोजतात लिस्बन–बर्लिन हेच अंतर.