गोधडीच्या गोटाचे काम : दर कसा ठरवावा आणि काम कसे स्वीकारावे

लाँगआर्म मशीनवर (मोठ्या गोधड्या शिवण्याच्या लांब हाताच्या मशीनवर) गोधडीचे तिन्ही थर, म्हणजे वरचे कापड, मधला भराव (बॅटिंग) आणि खालचे अस्तर, एकत्र शिवून देणे आणि त्या गोधडीच्या कडेला गोट, म्हणजे कड झाकणारी कापडाची पट्टी, लावून देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दरपत्रकातही ती वेगळीच दिसली पाहिजेत. सांगली-मिरजेकडे ब्लाऊज शिवायला टाकताना साडीच्या फॉल-बिडिंगची मजुरी वेगळी द्यायची असते, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक असते. तोच व्यवहार गोधडीच्या गोटाला लागू करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. गोट ‘वरकामात’ धरून फुकट लावून देण्याची सवय एकदा लागली, की ती मोडणे फार अवघड जाते, म्हणून पहिल्या गोधडीपासूनच बिलात त्याची स्वतंत्र ओळ असावी.

दर कशावर आकारायचा, हा खरा कळीचा प्रश्न आहे. मशीनवरच्या शिलाईची मजुरी सामान्यतः क्षेत्रफळावर, म्हणजे चौरस इंचावर घेतली जाते, पण गोट परिघावर लागतो. बारशासाठी केलेल्या ४० बाय ५० इंचांच्या दुपट्याचे क्षेत्रफळ २,००० चौरस इंच आणि परीघ १८० इंच भरतो, तर ६० बाय ९० इंचांच्या एकेरी पांघरुणाचे क्षेत्रफळ ५,४०० चौरस इंच आणि परीघ ३०० इंच होतो. म्हणजे क्षेत्रफळ २.७ पट वाढले, तरी कड दीडपटीपेक्षा थोडीच जास्त वाढली. शिलाईच्या मजुरीवर ठरावीक टक्के लावून गोटाचे पैसे काढणाऱ्यांना लहान गोधडीवर हमखास तोटा होतो, तो यामुळेच. शिवाय चार कोपरे मोडणे आणि पट्टीची दोन टोके शेवटी बेमालूम जोडणे हे काम गोधडी लहान असो वा मोठी, तेवढेच असते. म्हणून रनिंग फुटाचा, म्हणजे कडेच्या लांबीच्या दर फुटाचा दर आणि त्याखाली न जाणारी एक किमान मजुरी, अशी दुहेरी रचना मला सर्वांत न्याय्य वाटते.

फुटाचा दर शेजारच्या शहरातला आकडा ऐकून ठरवू नये, तर तो स्वतःच्या तासांवरून काढावा. समजा, आपण आपल्या तासाचे मोल १२० रुपये धरले. ६० बाय ९० इंचांच्या, म्हणजे २५ फूट कडेच्या गोधडीसाठी पट्ट्या कापणे, जोडणे व इस्त्री करणे यांना पाऊण तास, पुढून पट्टी शिवायला अर्धा तास आणि मागे वळवून मशीननेच शिवून टाकायला पाऊण तास लागला, तर दोन तासांचे २४० रुपये झाले. दोरा, सुई, वीज आणि मशीनची झीज यांचे ३५ रुपये धरून खर्च २७५ रुपये होतो. त्यावर १५ टक्के नफा धरला, तर सुमारे ३१६ रुपये, म्हणजे फुटाला १३ रुपयांच्या आसपास दर येतो. हाच गोट मागच्या बाजूने हाताने तुरपायचा असेल आणि त्याला सहा तास लागत असतील, तर त्याच हिशेबाने एकूण १,०४१ रुपये आणि फुटाला ४२ रुपयांच्या आसपास दर येईल. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. आपले आकडे घड्याळ समोर ठेवून, सलग काही गोधड्यांची नोंद वहीत करूनच काढावेत. हाताच्या तुरपाईचा दर तिपटीहून अधिक येतो, तो गिऱ्हाइकाला निःसंकोच सांगावा, कारण ते तास खरोखरच जातात.

ज्यांना तेवढा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी मधला मार्ग ठेवावा : गोधडीच्या कडा काटकोनात छाटून, पुढून पट्टी मशीनने शिवून द्यायची आणि मागची तुरपाई गिऱ्हाइकाने घरी करायची. आपल्याकडे घरोघरी वाकळीला धावदोरा घातलेला असल्याने सुईची सवय असलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि त्यांना हा पर्याय मनापासून आवडतो.

कापडाचा हिशेब शिलाई पूर्ण झाल्यावरच करावा, कारण दाट शिलाईने गोधडी थोडी आकसते आणि आधी घेतलेले माप चुकते. परिघात कोपरे व जोड यांसाठी १२ इंच मिळवावेत; आपल्या उदाहरणात ३१२ इंच पट्टी लागेल. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून किनार सोडून ४२ इंच धरले आणि प्रत्येक तिरक्या जोडात अडीच इंच जातात हे लक्षात ठेवले, तर अडीच इंच रुंदीच्या आठ पट्ट्या पुरतात, म्हणजे ६० सेंटीमीटर कापड. पन्हा ३६ इंचांचा असेल, तर दहा पट्ट्या आणि ७० सेंटीमीटर कापड लागेल. पट्टी मधोमध दुमडून दुहेरी लावावी, कारण गोधडी प्रथम झिजते ती कडेलाच. सरळ कडेला उभी-आडवी कापलेली पट्टी चालते. कड गोलाईची असेल, तर उरेब (तिरकी कापलेली) पट्टीच लागते, तिला कापडही जास्त लागते, आणि त्यासाठी वेगळा दर लावावा.

कापड कोणाचे, हे आधीच लिहून घ्यावे. कापड पेठेतून आपण आणलेले असेल, तर धुऊन, आटवून आणि आणण्याची मेहनत धरून त्याची किंमत लावावी. गिऱ्हाइकाने दिलेले असेल, तर त्याचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा, आणि रंग उतरत असल्यास ते कापड नम्रपणे परत करावे. आजीच्या नऊवारीचे काठ गोट म्हणून लावा, अशी मागणी वारंवार येते. त्यामागची माया मोठी असते. तरीही जुनी जर आणि विरलेले रेशीम घडीवर फाटते, म्हणून तो काठ कडेच्या आत पट्टीसारखा शिवावा आणि गोट मात्र घट्ट विणीच्या सुती कापडाचा घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवते.

काम घेताना दोन्ही कर्ण मोजून गोधडी चौकोनात आहे की नाही, हे गिऱ्हाइकासमोरच पाहावे आणि जास्तीचे अस्तर व बॅटिंग छाटण्याची परवानगी लेखी घ्यावी, कारण एकदा छाटलेली कड परत येत नाही. कापडाची पूर्ण रक्कम आणि मजुरीचा निम्मा भाग आगाऊ घ्यावा. पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिमेकडील भागात, धुतलेले कापड वाळायला वेळ लागतो, हे धरूनच तारीख द्यावी.

जुन्या वाकळीचा झिजलेला गोट बदलून देण्याचे कामही येते. त्यात साड्यांचे अनेक थर असल्याने पट्टी तीन इंचांची कापावी लागते, आणि जुना गोट उसवायला किती वेळ लागेल ते आधी कळत नाही. त्यामुळे उसवण्याची मजुरी तासावर आणि नव्या गोटाची फुटावर, असे दोन आकडे पावतीवर वेगळे लिहावेत.