"विष काढलंय, लावा हात" असं म्हणत टोपली दारात आली तर

श्रावण लागला की आमच्या गल्लीत नाग घेऊन टोपलीवाला येतोच आणि त्याचं वाक्य ठरलेलं, "ताई, विष काढलंय, लावा हात बिनधास्त". गेल्या पंचमीला शेजारच्या काकूंनी नातवालाच पुढं केलं, मी ओरडलो तर माझ्यावरच चिडल्या.

तर आधी लांबूनच नागाचं तोंड बघा. धड नाग जीभ सारखी आतबाहेर करतो, वास त्याला तिनंच कळतो. जीभ दिसतच नसंल, ओठाच्या कडंला दोरा नाहीतर सूज दिसली तर तोंड शिवलंय समजा. दात काढायची रीत म्हणजे फडकं चावायला द्यायचं आणि हिसका मारायचा, विषाच्या पिशव्या डोळ्यांच्या मागं असतात त्या ब्लेडनं, आणि भूल वगैरे कुठली आलीय तिथं!

हात लावायचाच नाही. दात पाडले तरी मागं राखीव दात तयारच असतात, काही आठवड्यांत नवा येतो, आणि पिशवी अर्धवट राहिली असंल तर विषपण येतं. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हातपाय हलवू न देता थेट सीपीआर, म्हणजे आमच्या कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, गाठायचं.

एक दोस्त म्हणतो, डॉक्टरकडनं भूल देऊन नीट ऑपरेशन केलं तर काय बिघडलं? अरे पण फायदा कुणाचा, पाळणाऱ्याचाच ना, नागाच्या वाट्याला नुसती जखम. विष म्हणजे त्याची लाळच की, उंदीर मारायला आणि पचवायला लागणारी, ती गेली की जिवंत उंदीर उलटा त्यालाच चावतो आणि रानात सोडायची सोय कायमची संपली. लोकांना साप शिकवायचाय म्हणता, मग फोटो दाखवा की.

टोपली हिसकावू नका, त्या माणसाला मारू तर अजिबात नका. गुपचूप व्हिडिओ काढा आणि वनविभागाच्या 1926 ला फोन लावा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली तेव्हापासून नाग अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत.

दुधाचं तर काय सांगायचं, कित्येक दिवस पाणी तोडलेलं असतं म्हणून बिचारा तोंड लावतो.

यंदा काकूंसाठी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं मातीचा नाग आणून दिला. पाटावर ठेवून लाह्या वाहिल्या, वाटीतल्या दुधाचा नंतर चहा केला, मलापण दिला अर्धा कप.