स्क्युटेलोसॉरसचे पाव आकाराचे मॉडेल कसे बनवावे

स्क्युटेलोसॉरस हा अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा, सुमारे साडेअठरा कोटी वर्षांपूर्वीचा शाकाहारी डायनोसॉर. एडविन कोल्बर्ट यांनी १९८१ मध्ये त्याचे वर्णन केले. लांबी जेमतेम १२० सेंटिमीटर, कमरेपाशी उंची ५० आणि अंगावर तीनशेहून जास्त हाडांचे खवले. पाव आकारात हे ३० आणि साडेबारा सेंटिमीटर होते, म्हणजे टेबलावर मावेल असे.

आधी मॉडेलच्या मापाचे बाजूचे चित्र काढा. कवटीचे फक्त तुकडे मिळाले आहेत, त्यामुळे तो भाग वेगळ्या रंगाने रंगवा. इंग्लंडमध्ये जवळजवळ पूर्ण सापडलेल्या त्याच्या नातेवाइकावरून, स्केलिडोसॉरसवरून, डोक्याची ठेवण घेता येते. ठेवणच, माप नव्हे! डोके अडीच सेंटिमीटरच्या आत ठेवा. शेपूट निम्म्याहून लांब, १७ सेंटिमीटरच्या आसपास. टोकाला गदा लावू नका. ती कितीतरी नंतरच्या अँकिलोसॉरसची.

सांगाड्याला ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार घ्या. एक तुकडा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, दुसरा मागच्या पायांसाठी, पुढच्या पायांना २ मिलिमीटरची पुरते. कमरेचा जोड बारीक तारेने आवळून वर एम-सील लावा. तळपायाखाली ३ सेंटिमीटर तार शिल्लक ठेवा, ती लाकडी पाटात रुतवायची आहे. प्राणी दोन पायांवर चालणारा, म्हणून पाठ आडवी आणि वजन कमरेवर तोललेले हवे. मॉडेल पुढे झुकले तर शेपूट आखूड झाली आहे किंवा डोके जड.

पोटाचा फुगवटा ॲल्युमिनियम फॉइलने भरून वर २-३ मिलिमीटर एपॉक्सी पुट्टीचा थर द्या. शाडू माती इथे चालत नाही: वाळताना ती आकसते, तार आकसत नाही, आणि पायांवर भेगा पडतात. पुट्टीचे दोन भाग समसमान घ्या, रंग एकजीव होईपर्यंत मळा, नाहीतर मऊ चट्टे कायम राहतात.

खवल्यांचे काम सर्वांत वेळखाऊ. शरीर पूर्ण घट्ट होऊ द्या. ओल्या पुट्टीवर लावलेले खवले बुडतात. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरडा. पुट्टीची बारीक वळी करून तुकडे पाडा, सुरीच्या पाठीने प्रत्येकावर मधली धार काढा. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग मानेपासून शेपटीपर्यंत, इथे सर्वांत मोठे, मुगाच्या दाण्याएवढे. मग कुशीवर जास्तीत जास्त पाच रांगा, खाली जाताना लहान होत. मूळ खवले विखुरलेले सापडले, त्यामुळे ही मांडणी अभ्यासकांचा अंदाज आहे. जिवंतपणी हाडावर शिंगासारखे आवरण असणार, म्हणून कडा जीवाश्मापेक्षा थोड्या टोकदार चालतील. एकावेळी पंधरा-वीस खवल्यांपुरतीच पुट्टी मळा, शेवटचे चिकटेपर्यंत ती कडक होऊ लागते.